कोऱ्या आकाशाची दहा मिनिटं

१

रोज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तिला दहा मिनिटं मोकळी मिळत, आणि ती दहाही मिनिटं ती वडिलांना देई.

मोकळी म्हणजे कामाच्या नियमानेच मोकळी. रेडिओ दुर्बिणीची तबकडी होती शहरापासून साठ किलोमीटरवर, उघड्या माळावर. कचेरी इकडे, कापडाच्या एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर. तिथे बसून ती तबकडीने पकडलेलं आकाश साफ करायची. लांबच्या दीर्घिकेकडून येणाऱ्या लहरी इतक्या क्षीण असतात की यंत्राची स्वतःची घरघर आणि हवेची कुरकुर त्यांच्यावर सहज मात करते. त्यावर उपाय जुना आणि सोपा आहे. तबकडी दहा मिनिटं दीर्घिकेकडे धरायची. मग जरा बाजूला, जिथे काहीच नाही अशा जागेकडे दहा मिनिटं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की घरघर निघून जाते आणि दीर्घिका तेवढी उरते. त्या काहीच नसलेल्या जागेला कचेरीत 'कोरं' म्हणत. कोरं चालू असताना पडद्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. सपाट रेघ, तिच्यात बघायचं काय?

तीस वर्षं हेच गाळत बसल्यामुळे तिचं खरं नाव मागे पडलं होतं. सगळे तिला चाळणी म्हणत, तोंडावर 'चाळणीताई'. तिला त्याचा राग नव्हता. चाळणीला भोकं आहेत म्हणून तर ती कामाची, असं ती स्वतःच सांगायची.

"ताई, कोऱ्यावर वळतोय हो," पलीकडच्या टेबलावरून सुकाणू ओरडायचा. हा तबकडी फिरवणारा. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, पोट सुटलेला, आणि काम सोडून कशाचीच घाई नसलेला माणूस. तो ओरडला की ती फोन उचलायची.

"बाबा, घेतलं का यंत्र हातात?"

"घेतलंय. तुझी भट्टी कशी आहे?"

भट्टी म्हणजे ती दीर्घिका. तिच्या मधल्या भागातून वायू बाहेर लोटत होता, सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने. वर्षाला दोन सूर्य घडतील एवढा वायू नुसता बाहेर. अशा दीर्घिकेत पुढे नवे तारे होत नाहीत. होते ते जुने होतात आणि विझतात. दीड महिना तिची टोळी याच दीर्घिकेच्या मागे लागली होती आणि आठवड्यागणिक आकडे चढत होते.

"जोरात आहे. विषय बदलू नका. ओढा."

बाबा एकोणऐंशीचे. चाळीस वर्षं काच फुंकली. प्रयोगशाळांचे चंबू, वाकड्या नळ्या, एकात एक बसणारी भांडी. हिवाळ्यात न्यूमोनियाने धरलं, तेव्हा डॉक्टरने हाती ते यंत्र दिलं. प्लास्टिकचे तीन कप्पे, प्रत्येकात एक हलका चेंडू, आणि एक लवचिक नळी. नळीतून श्वास आत ओढला की चेंडू वर चढतात. पण बाबांचं त्या यंत्राशी पहिल्या दिवसापासून वाकडं होतं. काच फुंकणारा नळीतून कधी आत ओढत नाही. भट्टीसमोर ती चूक एकदा केली की दुसऱ्यांदा करायला फुप्फुस शिल्लक राहत नाही. श्वास नाकाने घ्यायचा, नळीत फक्त सोडायचा.

"चाळीस वर्षं जे केलं नाही ते आता हा कालचा पोर शिकवणार मला?"

"शिकवणार. ओढा."

फोनमधून दीर्घ श्वासाचा आवाज यायचा. मग "तिन्ही वर!" अशी घोषणा. ती समाधानाने मान हलवायची.

एकदा त्यांनी मध्येच विचारलं होतं, "तुझी ती भट्टी फुंकतेय, की कुणी ओढतंय तिच्यातून?"

"म्हणजे?"

"अगं, बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं."

ती हसली होती. म्हाताऱ्याला जिथे तिथे आपलाच धंदा दिसतो, असं तिला वाटलं होतं.

२

रविवारी ती घरी होती. तीन खोल्यांचं घर, तिसऱ्या मजल्यावर. बाबांची खोली मधली. खाट, औषधांचं स्टूल आणि एक मोठी खिडकी. रविवार असूनही बरोबर अकरा दहाला त्यांनी यंत्र मांडीवर घेतलं. ती दारात कणीक मळल्याचे हात पुसत उभी राहिली.

बाबांनी नाकाने श्वास घेतला, नळी तोंडात धरली आणि फुंकलं.

म्हणजे इतके दिवस गडी फोनवर तिला बनवत होता! ती तोंड उघडून बोलणार, तेवढ्यात तिची नजर चेंडूंवर गेली आणि बोलणं राहून गेलं. तिन्ही चेंडू वर चढले होते. फुंकल्यावर ते तळाशी दबून राहायला हवेत. चढूच शकत नाहीत. यंत्राची रचनाच तशी आहे.

"बघ, तिन्ही वर," बाबा म्हणाले. पकडले गेल्याची लाज औषधालाही नव्हती. "आणि एक सांगू? हल्ली जोरसुद्धा लावावा लागत नाही. तोंड टेकवलं की श्वास आपोआप जातो."

तिने यंत्र उलटसुलट करून पाहिलं. कुठेतरी झडप उलटी बसली असणार. दुपारी जेवण झाल्यावर तिने स्वतः नळी तोंडात धरली. ओढलं, चेंडू चढले. फुंकलं, चेंडू गप्प. यंत्र ठणठणीत होतं. मग सकाळी आपलंच बघण्यात काही चुकलं, असं तिने ठरवून टाकलं. चष्म्याचा नंबर तपासायला हवाच होता. संध्याकाळी तिने नवं यंत्र आणलं, आणि जुनं फेकायच्या आधी का कोण जाणे, दोन वेळा धुतलं.

३

डॉक्टर तरुण होता, पण उगीच धीर देणाऱ्यातला नव्हता. त्याने तिला बाहेर बोलावून सांगितलं. "बाहेर सोडायला काहीच अडचण नाही त्यांना. उलट फार सहज सुटतो श्वास. पण आत जेमतेम येतो. दीड महिन्यात निम्मा झालाय. असाच आणखी महिना गेला तर मी काही करू शकणार नाही."

"दीड महिना?"

"साधारण. त्याआधी सुधारत होते की."

तिला दोन भाऊ होते, दोघेही समुद्रापार. लग्न तिने केलं नव्हतं. राहून गेलं, असं ती म्हणायची. घरी बोलायला, भांडायला, चहात साखर जास्त झाली म्हणून कुरकुरायला बाबाच होते. महिना म्हणजे चार रविवार. डॉक्टरच्या जिन्यात उभं राहून तिने ते चार रविवार मोजले आणि तिला इतका राग आला की तिने कठड्यावर मूठ आपटली. दिवसभर हात ठणकत राहिला.

कचेरीत त्याच दिवशी पेढे नसले तरी पेढे वाटण्याचा उत्साह होता. मोठ्या बाई, म्हणजे त्यांच्या प्रमुख, आलेख घेऊन टेबलाटेबलावर फिरत होत्या. दीर्घिकेतून बाहेर पडणारा वायू दीड महिन्यात दुपटीने वाढला होता.

"दीड महिन्यात?" तिने विचारलं. "बाई, त्या वायूला दीर्घिकेच्या मधून काठापर्यंत जायला लाखो वर्षं लागतात. तिथलं काही दीड महिन्यात कसं बदलेल?"

"तेच तर! असं आजवर कुणालाही दिसलेलं नाही."

दिसलं नाही कारण असं होत नाही, हे तिच्या जिभेवर आलं होतं. पण बाई पुढच्या टेबलावर गेल्या होत्या.

दीड महिन्यापूर्वी काय झालं होतं, ते तिला जागेवर बसल्यावर आठवलं. या दीर्घिकेसाठी वापरायची कोऱ्याची जुनी जागा एका उपग्रहाच्या गोंगाटाने बाद झाली होती. नवी जागा शोधायचं काम तिचं होतं. तिने नकाशे चाळले आणि आकाशाचा एक अगदी रिकामा तुकडा निवडला. तारा नाही, दीर्घिका नाही, धूळसुद्धा नाही. इतकी स्वच्छ जागा मिळाली म्हणून ती तेव्हा स्वतःवर खूश झाली होती.

४

दुसऱ्या दिवशी "कोऱ्यावर वळतोय हो" अशी हाक आली. तिने फोन लावला, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा, कोरं चालू असताना पडद्याकडे पाहिलं.

रेघ सपाट नव्हती. मधोमध खड्डा होता, अरुंद आणि खोल. आलेखात उंचवटा आला तर त्या वेगाचा वायू तिथे आहे, असं समजायचं. खड्डा म्हणजे काय समजायचं ते तिला ठाऊक नव्हतं. मात्र एक गोष्ट शाळकरी पोरालाही कळली असती. कोरं वजा होतं. खड्डा वजा केला की त्याचा उंचवटा होतो. मोठ्या बाई टेबलाटेबलावर मिरवत होत्या तो वाढीव वायू दीर्घिकेत नव्हताच. तो कोऱ्यातला हा खड्डा होता.

"लावू का तोंड?" कानात बाबांनी विचारलं.

"हो," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

बाबांनी फुंकलं. खड्डा खोल झाला. बाबा थांबले. खड्डा भरत आला. त्यांनी पुन्हा फुंकलं. खड्डा पुन्हा खाली गेला, आणि यावेळी जास्त वेळ खाली राहिला, कारण कानातला श्वासही जास्त वेळ चालला होता.

फोन! तिला हायसं वाटलं. आपलाच फोन यंत्रात लुडबुड करतोय. साठ किलोमीटरवरच्या तबकडीत तो कसा करील, हे तिने स्वतःला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने फोन बंद करून पेटीत ठेवला, सुकाणूचाही बंद करायला लावला आणि बघत बसली. खड्डा अकरा दहाला पडायला लागला. अकरा सेकंदांनी एकदा खोल, मग उथळ, मग खोल. अकरा वीसला तबकडी दीर्घिकेकडे वळेपर्यंत ते चाललं.

"काय आहे ताई?" सुकाणू तिच्या मागे येऊन उभा राहिला होता.

"तुम्हाला काय दिसतं?"

तो बराच वेळ बघत होता. "माझी आई दम्याची होती," तो म्हणाला. "रात्रंदिवस उशाशी बसून हेच बघितलंय मी. पण हे सोडणं नाही, ताई. हे घेणं आहे."

घरी गेल्यावर तिने बाबांना विचारलं, आज फोन आला नाही म्हणून व्यायाम बुडवला का? बाबांनी मान खाली घातली. नळीला तोंडच लावलं नव्हतं, म्हणाले. नुसते पडून होते. "पण श्वास जायचा तो गेलाच. दहा मिनिटं मला आत जेमतेमच काही घेता आलं. तुला सांगणार नव्हतो."

५

मोठ्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. खड्डा पाहिला. मग म्हणाल्या, "हा बाहेरचा गोंगाट आहे. गाळून टाका."

"गाळला तर वाढलेला वायूही जाईल."

"मग नका गाळू."

"बाई, दोन्हीपैकी एकच काहीतरी खरं असेल ना!"

"चाळणीताई, तुम्ही थकला आहात. घरी वडील आजारी आहेत. दोन दिवस रजा घ्या." आवाजात माया होती, आणि म्हणूनच तिचं डोकं फिरलं.

"तीस वर्षं मी कचरा गाळलाय," ती म्हणाली. "कचरा कसा दिसतो ते मला कळतं. हा कचरा नाही. आणि रजा मी मला हवी तेव्हा घेईन."

तिने कोऱ्याची जागा बदलली, कुणालाही न विचारता. आकाशाच्या पार दुसऱ्या बाजूचा रिकामा तुकडा घेतला. अकरा दहाला तिथे खड्डा होता. तिसरी जागा घेतली. तिथेही होता, तेवढाच खोल, तसाच अकरा सेकंदांनी हलणारा. तिच्या बुद्धीने तिला एक साधा प्रश्न विचारला. दीर्घिकेला अंतर आहे. तिचा उजेड इथवर यायला कोट्यवधी वर्षं लागतात, त्यामुळे तिला आजचं काही कळणं शक्यच नाही. पण जिथे काहीच नाही, ती जागा किती लांब आहे? ते कुणीच कधी मोजलेलं नव्हतं.

गुरुवारी तबकडी दुरुस्तीसाठी कुलूपबंद होती. मोटारी थांबलेल्या, वीज बंद, कुणी कुठेही बघत नव्हतं. बघणं बंद केलं की हेही बंद होईल, असं तिने मनाशी घट्ट धरलं होतं. ती घरीच थांबली.

अकराला बाबांचा डोळा लागला. यंत्र स्टुलावर होतं, नळी खाली लोंबत होती. तिने त्यांच्यासाठी केलेला चहा तिथेच निवत ठेवला होता. पंखा बंद होता, खिडकी बंद होती. अकरा दहा झाले आणि चहाची वाफ वाकली. वर जायची ती आडवी झाली आणि खिडकीकडे जाऊ लागली. मग पडदा खिडकीच्या काचेला जाऊन चिकटला, आतून बाहेर. खोलीत बारीक शीळ ऐकू येत होती. ती लोंबत्या नळीच्या तोंडातून येत होती, आणि तिन्ही चेंडू सावकाश वर चढत होते.

अकरा अठराला बाबांची छाती खाली गेली. आणखी खाली गेली. वर येईना.

तिने त्यांना खांद्याला धरून बसतं केलं, पाठीवर थापट्या मारल्या, नाव घेऊन हाका मारल्या. जन्मात पहिल्यांदा तिने वडिलांना नावाने हाक मारली. अकरा वीसला चेंडू खट्‌ खट्‌ खट्‌ तळाशी पडले आणि बाबांनी आत श्वास घेतला. ओठ निळे पडले होते.

६

संध्याकाळी तिने त्यांना सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बाबा भिंतीला टेकून ऐकत होते.

"म्हणजे माझी शंका बरोबर होती," ते म्हणाले. "तुझी भट्टी फुंकत नव्हती."

"बाबा, तुमच्या जिवावर बेतलंय, आणि तुम्हाला बरोबर ठरल्याचा आनंद झालाय?"

"मग कसला होऊ दे?" ते दम खात म्हणाले. "ऐक. ओढणाऱ्याला काय हवं असतं? सहज येणारी हवा. घोट घोट. आम्ही कारखान्यात नव्या माणसाला पाणी पिताना हसवायचो. घोट घशात असताना. काय व्हायचं त्याचं?"

"ठसका लागायचा."

"तो श्वास घेतो आणि मग सोडतो, असं तू म्हणालीस. सोडतो तेव्हा त्याचं तोंड उघडंच असणार. त्या वेळी मी फुंकलं तर? तो ओढत नसताना? तुला नको, तरी घेच, असं?"

"तुमच्यात मेणबत्ती विझवायची ताकद नाही!"

"एकट्यात नाही." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत बऱ्याच दिवसांनी खोडी होती. "मोठा चंबू एका माणसाच्या श्वासात होत नसतो, पोरी. एकाचा दम संपायच्या आत दुसरा नळी घेतो. फुंक मध्ये तुटता कामा नये, तुटली की काच बसते. तुझी आई घ्यायची माझ्या हातातून. ती काही कामगार नव्हती, डबा घेऊन यायची नुसती. पण तिच्याइतकी बेमालूम नळी कुणी घेतली नाही."

हे तिला ठाऊक नव्हतं. आईला जाऊन वीस वर्षं झाली होती.

रात्री जेवल्यावर त्यांनी तिला शिकवलं. नळी दातांत नाही, ओठांत. गाल फुगवायचे नाहीत, पोटातून सोडायचं. पहिल्याचे ओठ सुटायच्या आधी दुसऱ्याचा अंगठा तिथे हवा. दहाव्या खेपेला बाबा म्हणाले, "बरं आहे." त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी कुणाला मिळाली नव्हती. मग तिने सुकाणूला फोन केला आणि उद्या काय हवंय ते सांगितलं.

"तुम्ही वेड्या झालात का, ताई?"

"असेन. तुम्ही रेघ बघून मला सांगणार का, तेवढं बोला."

"माझ्या आईच्या वेळी मी नुसता बसून राहिलो होतो," तो म्हणाला. "सांगतो. बाईंना काय सांगायचं ते माझं मी बघेन."

७

शुक्रवारी तिने रजा टाकली. अकराच्या आधीच बाबांना उशा लावून बसवलं, यंत्र त्यांच्या मांडीवर दिलं, फोन मोठ्या आवाजावर करून स्टुलावर ठेवला. खिडकीचा पडदा तिने काढूनच टाकला होता. काय यायचं ते तोंडासमोर येऊ दे, असं तिला वाटत होतं. बाहेर लख्ख ऊन होतं आणि खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं.

"कोऱ्यावर वळतोय हो," फोनमधून आवाज आला. रोजच्यासारखाच ओरडला बिचारा.

चेंडू हलले. बाबांची छाती खाली जाऊ लागली. त्यांनी तिचा हात धरला होता. बोटं दोरीसारखी आवळली.

"खड्डा पडतोय," सुकाणू सांगत होता. "पडतोय... अजून पडतोय... परवापेक्षा खोल आहे, ताई... आता थांबला. भरायला लागला. आता! आता फुंका!"

बाबांनी फुंकलं. त्यांच्यात काय उरलं होतं ते त्यांनाच ठाऊक, पण त्यांनी ते राखून ठेवलं नाही. मानेच्या शिरा तटतटल्या, डोळे लाल झाले. त्यांच्या बोटांनी तिच्या तळव्यावर टकटक केली. तिने अंगठा सरकवला, त्यांचे ओठ सुटले, तिचे लागले. फुंक तुटली नाही.

पहिल्यांदा काहीच लागलं नाही. रिकाम्या पिशवीत फुंकावं तसा श्वास जात राहिला. मग नळीच्या त्या टोकाला काहीतरी अडलं. मऊ होतं, आणि ते दबलं. तिच्या ओठांना ते कळलं. नळी टाकून द्यावी, दार उघडून जिना उतरून पळत सुटावं, असं तिला वाटलं. तिने पोट आत खेचलं आणि आणखी जोराने फुंकलं.

"ताई!" सुकाणू किंचाळला. "रेघ वर आली! शून्याच्या वर! कोऱ्यात काहीतरी जातंय!"

तिचा दम संपत आला. बाबांचा अंगठा आपणहून तिथे आला. त्यांनी घेतली, चार क्षण फुंकली, पुन्हा तिने घेतली.

चेंडू कप्प्यांच्या वरच्या टोकावर आदळले, खाली आले, पुन्हा आदळले. खिडकीची काच धाडकन हादरली. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा तिला तडा गेला. आणि भर उन्हात ती सगळी काच एका दमात पांढरी झाली, वाफ धरून. तिने जवळ न जाताही ओळखलं, वाफ बाहेरच्या बाजूने होती.

"तीन उसळ्या," सुकाणू म्हणाला. तो रडत होता की हसत होता, ते कळत नव्हतं. "वेड्यावाकड्या. आणि आता सपाट. ताई, रेघ सपाट आहे. अगदी कोरी."

बाबांनी आत श्वास घेतला. पोट भरून, छाती वर येऊन, खांदे वर येऊन. दीड महिन्यात असा श्वास तिने पाहिला नव्हता. ओठांवर रंग आला. ते हसायला लागले, खोकले, पुन्हा हसले.

"ठसका लागला त्याला!" ते म्हणाले. "एवढं मोठं धूड, आणि ठसका लागला!"

ती त्यांच्या गळ्यात पडून रडली. रडताना तिला ती दीर्घिका आठवली. कोट्यवधी वर्षं तिच्या पोटातलं सगळं बाहेर ओढलं जात होतं, आणि तिच्या हातातली नळी घ्यायला कुणी नव्हतं. बाबांना होतं. तिने त्यांचा खडबडीत गाल धरून ठेवला.

"ताई," सुकाणूचा आवाज बदलला होता. "अकरा सोळा. रेघ... रेघ हलतेय."

तिने वर पाहिलं. काचेवरच्या वाफेत, बरोबर मधोमध, एक गोल जागा स्वच्छ होऊ लागली होती. बशीएवढी. मग ताटाएवढी. वाफ काठांकडून तिकडे ओढली जाऊन नाहीशी होत होती. त्या गोलातून समोरची इमारत दिसायला हवी होती. इमारत दिसत नव्हती, आकाशही नव्हतं. तिने तिकडे एकदाच पाहिलं, आणि जे पाहिलं त्याबद्दल ती पुढे कुणाशीही बोलली नाही.

पहिला चेंडू तळावरून सुटला.

"दे इकडे," बाबांनी हात पुढे केला. "आता माझी पाळी."

"तुमची झाली," ती म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता, तिचं तिलाच नवल वाटलं. "तुम्ही दम घ्या. माझा संपेल तेव्हा मागेन मी." मग ती फोनकडे वळली. "तुम्ही नुसतं सांगत राहा. अकरा वीसपर्यंत. उद्याही बसायचंय आपल्याला, आणि परवाही."

"बसतो," सुकाणू म्हणाला. "खड्डा पडतोय, ताई. खोल जातोय."

तिने खिडकीत तोंड करून खाट ओढली. बाबा आणि काच यांच्या मध्ये बसली, आणि नळी हातात घेतली.

"ये," ती त्या गोलाकडे बघून म्हणाली. "चार मिनिटं आहेत. बघू या कोण दमतं."